ज्यांना बुडू दिलं नाही

लेअर, १२ मार्च १९४०

प्रिय हिन्रिक,

माझा एइलर्ट आज सकाळच्या गाडीनं तुझ्याकडे निघाला. स्टेशनवर मी रडले असं तो तुला सांगेल. वारा होता.

तू माझा धाकटा भाऊ, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. पोरगं पाणबुडीवर नाव घालायला निघालं होतं. त्याच्या बापाला समुद्रानं नेलं, पण निदान हेरिंग मासे पकडताना, उघड्या हवेत. पोरानं डब्यात बंद होऊन मरावं हे मला सोसवलं नसतं, म्हणून तुझे पाय धरले. तू म्हणालास, माझ्या जहाजावर घेतो त्याला, जुनं मालवाहू जहाज आहे, ब्रेमेनच्या गोदीत रंगरंगोटी चाललीय. बरं वाटलं. मग परवा शेजारच्या डिर्क्सबाईंचा जावई येऊन गेला. तो त्याच गोदीत काम करतो. त्या मालवाहू जहाजाला भिंतींच्या आड तोफा बसवतायत म्हणाला. मी म्हटलं, माझा भाऊ वीस वर्षं व्यापारी जहाजांवर आहे, त्याला तोफेचं तोंड कुठलं नि बूड कुठलं हेही माहीत नसेल. तो हसला आणि चहा न पिता गेला.

काय ते तुझं तुला माहीत. मला एवढंच कळतं, की पोरगा तुझ्या नजरेसमोर राहील. त्याला खोकला लगेच होतो. लोकरीची बनियन पेटीत तळाशी घातलीय, ती तो काढणार नाही. तू काढायला लाव.

तुझी,
तेडा

समुद्रावरून, ३ नोव्हेंबर १९४०

प्रिय तेडा,

हे पत्र आमचा रेमर घेऊन येतोय. आम्ही पकडलेलं एक नॉर्वेजियन जहाज तो फ्रान्सच्या बंदरात पोचवणार आहे. तो आणि हे पत्र तुझ्या दारात उभे राहिले तर समज, ते जहाज पोचलं. कुणाची तपासणी नाही, तेव्हा एकदाचं मोकळेपणानं लिहितो.

डिर्क्सबाईंचा जावई खरं बोलला. आमचं जहाज म्हणजे ‘क्रानिश’, बाहेरून बघशील तर धान्य वाहणारं दरिद्री गलबत. महिन्यात दोनदा आम्ही त्याचं नाव बदलतो. कधी ग्रीक, कधी डच, कधी आणखी कुणी. कॅनव्हासचं एक खोटं धुराडं आहे, ते हवं तेव्हा उभं करतो, हवं तेव्हा आडवं. समोरून इंग्रजांचं मालवाहू जहाज दिसलं की आमची दोन पोरं बायकांचे कपडे घालून डेकवर कपडे वाळत घालतात. त्यातला एक तुझा एइलर्ट. डोक्याला रुमाल बांधून असा काही ठुमकतो, की बाकीचे त्याला ‘एइलर्टबाई’ म्हणतात. तो म्हणतो, आईचीच नक्कल करतोय. समोरचा कप्तान हे घरगुती दृश्य पाहतो आणि बेसावध जवळ येतो. मग आमच्या भिंती खाली पडतात आणि तोफा दिसतात.

माझं काम म्हणजे होडीतून त्या जहाजावर जायचं, माणसं उतरवून घ्यायची आणि तळाशी सुरुंग लावून यायचे. व्यापारी जहाजांची मला माहिती आहे म्हणून मला निवडलंय. तेडा, वीस वर्षं मी जहाजं तरंगती ठेवायला शिकलो. ती बुडवायची कशी हे शिकायला एक दुपार पुरली.

पहिल्या जहाजानं थांबायला नकार दिला आणि बिनतारीवरून मदत मागायला सुरुवात केली. आम्ही त्यांच्या बिनतारीच्या खोलीवर तोफ डागली. मी वर गेलो तेव्हा तो बिनतारीवाला खुर्चीतच होता. विशीचा असेल. एइलर्ट माझ्यासोबत होता. त्यानं त्या पोराच्या डोळ्यांवर टोपी ठेवली आणि दोन दिवस जेवला नाही. आता जेवतो.

गेल्या महिन्यात ‘ग्लेन टोरन’ पकडलं. कोलंबोहून चहा घेऊन चाललं होतं. कप्तान रेनी म्हणून एक स्कॉटिश म्हातारा. मी म्हटलं, ‘पंधरा मिनिटं देतो.’ तो म्हणाला, ‘माझी मांजर सापडायला त्याहून जास्त लागतील.’ मांजर सापडेपर्यंत आम्ही थांबलो. होडीत बसताना मला म्हणाला, ‘तुम्ही आरमारातले नव्हे. वर आल्या आल्या आधी दोरखंडांकडे पाहिलंत, माणसांकडे नंतर.’ मग आम्ही दोघं शेजारी उभे राहून त्याचं जहाज बुडताना पाहत होतो. ते आडवं झालं तेव्हा त्यानं टोपी काढली. मीही काढली. आमच्या कप्तानाला ते आवडलं नाही.

रेनीचे खलाशी मुंबईकडचे, रत्नागिरी नावाच्या किनाऱ्यावरचे. त्यांचा मुकादम दाऊद सारंग. पूर्वी मुंबईच्या गोदीत मी दिवसचे दिवस काढलेत, त्यामुळे त्यांच्या बोलीतले चार शब्द मला येतात. चारातले तीन शिव्या आहेत, तरी त्याला बरं वाटलं. ही सगळी माणसं आता आमच्या जहाजाच्या पोटात कोंडलेली आहेत. दिवसातून एकदा हवा खायला वर आणतो. आजारी आणि जखमी तेवढे रेमरबरोबर पाठवतोय. बाकीच्यांना जागा नाही.

चहाची एक पेटी मात्र सुटली. ती रेमरच्या हाती तुला. तिकडे आता काय पाला उकळून पिताय कोण जाणे.

एइलर्ट ठीक आहे. बनियन घालतो.

हिन्रिक

लेअर, ९ फेब्रुवारी १९४१

प्रिय हिन्रिक,

रेमर आला. पेटी आली. ती उघडली तेव्हा सगळं स्वयंपाकघर त्या वासानं भरलं आणि मी खुर्चीवर बसले. कपात खडीसाखरेचा खडा टाकला, वरून चहा ओतला, खडा तडकला. किती दिवसांनी तो आवाज ऐकला. वर साय सोडली, ढवळलं नाही. डिर्क्सबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, ‘देव तुझ्या भावाचं भलं करो.’

दुसऱ्या कपाला मला त्या म्हाताऱ्याची टोपी आठवली. मग मी चहा कमी केला असं मात्र समजू नकोस. प्यायले. पण आता डिर्क्सबाईंना तो कुठून आला ते सांगत नाही. फक्त ‘हिन्रिकनं पाठवला’ म्हणते.

त्याला त्याची मांजर ठेवू दिलीत का? ते लिहिलं नाहीस.

आता महत्त्वाचं. रेमर इथे दोन दिवस राहिला. तो म्हणतो, त्याच्या मागून निघालेलं दुसरं पकडलेलं जहाज पोचलंच नाही. फ्रान्सच्या किनाऱ्याशी, नदीच्या मुखाशी, इंग्रजांच्या पाणबुडीनं फोडलं. घर दिसत असताना. हिन्रिक, ऐक माझं. एइलर्टला असल्या जहाजावरून घरी पाठवू नकोस. तो हट्ट करेल, आईकडे जातो म्हणेल, तू विरघळशील. विरघळू नकोस. मोठ्या जहाजाला तोफा आहेत, कप्तान हुशार आहे असं रेमर सांगतो. तिथेच राहू दे त्याला. तिथून परत आलात की सगळे एकदमच या.

हे पत्र रेमरच परत घेऊन जातोय. तुम्हाला तेल पोचवणाऱ्या जहाजावर त्याची नेमणूक झालीय. म्हणजे पोचेल.

इथे बर्फ आहे. विधवांची संख्या वाढतेय. मला शिवणकाम भरपूर मिळतं, सगळं काळ्या रंगाचं.

तेडा

समुद्रावरून, २० जून १९४१

प्रिय तेडा,

तुझं पत्र मिळालं. मांजर ठेवू दिली. ती आता आमच्याच आचाऱ्याची झालीय आणि रेनी तिला गद्दार म्हणतो.

तेलाचं जहाज उद्या परत जातंय, त्याच्याबरोबर हे पाठवतो. मी त्याच्या मागोमाग निघणार. ‘सोल्वे’ नावाचं एक जहाज पकडलंय, रबर आणि कथिल भरलेलं. ते फ्रान्सला न्यायचं काम माझ्याकडे आलंय. सगळे कैदीही माझ्याबरोबर. ‘क्रानिश’वर आता त्यांना घालायला अन्न नाही.

तुला खरं सांगतो. तुझं पत्र यायच्या आधीच मी कप्तानाकडे एइलर्टला मागून घेतलं होतं. तो देतो म्हणाला. मग रेमरनं पत्र हातात दिलं. मी ते दोनदा वाचलं आणि एइलर्टलाही वाचायला दिलं. म्हटलं, तुझ्याबद्दल आहे, तूच ठरव.

तो कठड्याला टेकला आणि पत्राची घडी घातली. मग म्हणाला, ‘मामा, तू जा. आई म्हणते तसं थांबतो मी. आयुष्यात एकदा तरी तिचं ऐकलं असं होईल.’

मी म्हटलं, ‘मनापासून म्हणतोस?’

‘मनापासून नाही. पण तुझ्याबरोबर येऊन नदीच्या मुखाशी बुडालो, तर ती मला जन्मभर ऐकवेल.’

हसलो दोघं. तो उंच झालाय, तुझ्या ध्यानात असेल त्याहून. कैद्यांना पाणी द्यायचं काम त्याच्याकडे आहे. रेनीनं त्याला बुद्धिबळ शिकवलंय आणि आता त्याच्याकडून हरला की रेनी स्कॉटिश भाषेत कुरकुरतो. दाऊद सारंग त्याला बेटा म्हणतो. त्याचा अर्थ मला माहीत होता, मी एइलर्टला सांगितला. तो लाजला.

माझं मन त्याला नेण्याकडे होतं. तुझं मन दुसरीकडे. तू आई आहेस.

हिन्रिक

युद्धकैद्यांची छावणी, ओंटारिओ, कॅनडा, २ नोव्हेंबर १९४१

प्रिय तेडा,

रेड क्रॉसनं कळवलं असेल. मी जिवंत आहे, धडधाकट आहे. छावणीतल्या पत्राला ओळी मोजून मिळतात.

‘सोल्वे’ पोचलं नाही. अझोर बेटांच्या पुढे इंग्रज क्रूझरनं गाठलं. हुकूम असतो की जहाज शत्रूच्या हाती द्यायचं नाही, बुडवायचं. सुरुंग लावले होते. उडाले नाहीत. वातीला ओल धरली होती. जहाज इंग्रजांच्या ताब्यात गेलं. कोणी दगावलं नाही, ना आमचं, ना कैद्यांपैकी.

इथे झाडं इतकी आहेत की क्षितिज दिसत नाही. त्याचाच त्रास होतो. एइलर्टचं काही कळलं तर लगेच लिही.

हिन्रिक

लेअर, १५ मार्च १९४२

हिन्रिक,

‘क्रानिश’ डिसेंबरात बुडालं. एकही माणूस वाचला नाही. आरमाराचं पत्र आलंय, त्यात एइलर्टचं नाव बरोबर लिहिलंय, आडनाव चुकलंय.

काल पक्षाचा आमच्या भागातला पुढारी, तो खतांचा दुकानदार, आरमारातल्या एका अधिकाऱ्याला घेऊन घरी आला. मी उभी होते, ते बसले. त्यांनी मला विचारलं, तुझा भाऊ काय लिहितो. तुझं पत्र दाखवलं. अधिकाऱ्यानं ते वाचलं आणि म्हणाला, ‘ओल धरली? इंग्रजांच्या रेडिओवर तर वेगळं सांगतात.’

कुणी कप्तान रेनी रेडिओवर बोलला म्हणे. त्यानं तुझे आभार मानले. म्हणाला, जर्मन अधिकाऱ्यानं स्वतःच्या हातानं वाती तोडल्या, कैदी पोटात होते म्हणून. साऱ्या जगाला सांगितलं त्यानं.

मग त्या अधिकाऱ्यानं मला समजावलं, लहान पोराला समजावतात तसं. ती सगळी माणसं महिनोन् महिने ‘क्रानिश’वर राहिली होती. तुमचे खोटे रंग, तुमचं कॅनव्हासचं धुराडं, बायकांचे कपडे घातलेली तुमची पोरं, सगळं त्यांनी पाहिलेलं. सुटल्यावर त्यांनी सांगितलं. आणि काही महिन्यांत इंग्रजांनी ‘क्रानिश’ला हेरलं, नाव विचारलं, उत्तराची वाटही न पाहता लांबूनच तोफा सुरू केल्या. त्यांना माहीत होतं कोण आहे ते.

इतकी परकी माणसं तू त्यांच्या त्यांच्या घरी पोचवलीस. माझं एकच होतं.

मला तू ओल धरली म्हणून लिहिलंस. एइलर्टला तिथे ठेवून आलास आणि त्याचा पत्ता शत्रूला दिलास. ते म्हणाले, युद्ध संपल्यावर तुझ्यावर खटला होईल. मी म्हटलं, करा.

मला पत्र लिहू नकोस.

तेडा बूकहोफ

ओंटारिओ, १२ डिसेंबर १९४३

प्रिय तेडा,

माझी आधीची पत्रं न उघडता परत आली. हेही येईल. तरी नाताळ आहे म्हणून लिहितो.

मी स्वतःची बाजू मांडणार नाही. एइलर्टबद्दल एक गोष्ट मात्र तुझ्याकडे असायला हवी, ती माझ्यापाशी पडून राहण्यात अर्थ नाही. मी ‘सोल्वे’वर जायला होडीत उतरलो तेव्हा तो वरून ओरडला, ‘मामा, आईला सांग मी बनियन घालतो.’ आणि शर्ट वर करून दाखवला. घातली नव्हती. सगळे हसले. मी त्याला शेवटचं पाहिलं ते तसं, हसताना.

इथे खूप बर्फ आहे. बरी आहेस ना?

हिन्रिक

लेअर, ६ ऑक्टोबर १९४६

प्रिय हिन्रिक,

तुला आता इंग्लंडच्या उत्तरेला कुठल्याशा छावणीत आणलंय असं कळलं. कुणाकडून ते पुढे सांगते. पत्ताही त्यानंच दिला.

मी जिवंत आहे. घरही उभं आहे, छपराचा कोपरा गेलाय. गेल्या वर्षी वसंतात कॅनडाचे सैनिक नदी ओलांडून आले, त्यांच्या तोफांनी पलीकडची आळी पडली. डिर्क्सबाई गेल्या. खतवाला दुकानदार आता सांगतो की त्याला काही माहीतच नव्हतं. वरच्या मजल्यावर सायलेशियाहून हाकललेलं एक कुटुंब राहतं, नवराबायको, तीन मुलं आणि एक आजी. आजी माझ्याशी भांडते. त्यामुळे घर घरासारखं वाटतं.

मागच्या आठवड्यात दुपारी दार वाजलं. इंग्रजी कोट घातलेला पांढऱ्या मिशांचा माणूस. हातात टोपी. ‘मोइन,’ असा नमस्कार केला, आपल्याकडचा माणूस करेल तसा. मला वाटलं सरकारी असेल, वरच्यांची मोजणी करायला आलेला. म्हटलं, ‘सहा जण आहेत, कितीदा सांगायचं.’

तो मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, ‘मी रेनी. मोइन मला तुमच्या मुलानं शिकवलं.’

मी दार लावून घेतलं नाही. ते कसं झालं मला माहीत नाही. हात दारावरच होता.

तो एम्डेन बंदरात बुडालेली जहाजं वर काढायच्या कामावर आहे. एइलर्टनं त्याला गावाचं नाव सांगितलं होतं, शिवणकाम करते हेही. विचारत विचारत आला. स्वयंपाकघरात बसला. मी त्याच्यापुढे काही ठेवलं नाही. उभीच राहिले.

म्हणाला, ‘बाई, तुम्हाला जे वाटतं ते माझ्या तोंडावर बोला, म्हणून आलो.’

मी विचारलं, ‘क्रानिशबद्दल तुम्ही सांगितलंत?’

‘हो. रंग बदलेल, नाव बदलेल, धुराडी कमीजास्त होतील. पण त्या जहाजाच्या पाठीमागच्या बाजूचा उतार बदलणार नाही. तो मी त्यांना कागदावर काढून दिला. चित्र बरं काढतो मी.’

‘माझा मुलगा त्याच्यावर आहे हे माहीत असताना?’

‘हो. काढताना मला त्यांचे सगळ्यांचे चेहरे माहीत होते. आणि ‘क्रानिश’ पुढे जी जहाजं पकडणार होतं, त्यांच्यावरच्या माणसांचेही माहीत होते. माझ्यासारखेच असतात ते.’

क्षमा मागितली नाही त्यानं. मागितली असती तर मी हाकलून दिलं असतं. मग म्हणाला, ‘मी रेडिओवर तुमच्या भावाचं नाव घेतलं, ते मात्र घ्यायला नको होतं. मला वाटलं त्याच्या माणसांना अभिमान वाटेल. जर्मनीत तेव्हा काय चाललं होतं याचा विचार मी केला नाही. तुम्हाला त्रास झाला का?’

म्हटलं, ‘शिवणकाम गेलं. लोक पलीकडच्या फुटपाथनं जायचे.’

त्यावर त्यानं हातातली टोपी टेबलावर ठेवली.

मग मी विचारलं त्या दिवसाचं. तू मला ओल धरली म्हणून लिहिलंस, पुढे काही लिहू दिलं नाही मीच. त्यानं सांगितलं. समुद्र खवळलेला होता. क्रूझर दिसल्याबरोबर तुझी माणसं वाती पेटवायला निघाली. होड्या सोडल्या त्यातल्या दोन जहाजाच्या अंगावर आपटून फुटल्या. उरलेल्यांत तुझी माणसं मावली असती, कैदी नाही. ते खाली झाकणाखाली होते, ते कुलूपबंद होतं. त्यांना वर धावपळ ऐकू येत होती. दाऊद सारंगनं सगळ्यांना ओळीनं बसवलं आणि प्रार्थना सुरू केली. मग झाकण उघडलं. वर तू होतास, एकटा, हातात तोडलेल्या वाती. तू त्या लोकांच्या बोलीत काहीतरी ओरडलास. सगळे खलाशी दचकले आणि मग हसायला लागले. रेनीनं सारंगला विचारलं, काय म्हणाला? सारंग म्हणाला, ‘फार वाईट शिवी दिली, साहेब. वर या असा अर्थ असावा.’

हिन्रिक, मी हसले. चार वर्षांनी पहिल्यांदा, आणि तेही त्या माणसासमोर. मग खुर्ची ओढून बसले आणि रडले. तो उठून गेला नाही. वरच्या आजीनं जिन्यातून डोकावून पाहिलं आणि न भांडता परत गेली.

जाताना तो म्हणाला, ‘तुमचा मुलगा आमच्याबरोबर यायचा होता ना? त्याची पेटी होडीत ठेवलेली मी पाहिली होती. मग काढली.’

मला माहीत होतं कोणी काढायला लावली. मला चार वर्षं माहीत होतं. एइलर्टला तिथे ठेव असं मी लिहिलं, विरघळू नकोस असं मी लिहिलं. आणि मग तुला म्हटलं, ठेवून आलास. तू एकदा लिहिलं असतंस, ‘तेडा, तूच म्हणाली होतीस,’ तर मी खाली पडले असते. तुझी परत पाठवलेली पत्रं मी उघडली नव्हती, पण नाताळचं तेवढं उघडलं होतं, वाफेवर धरून, आणि परत चिकटवून पाठवलं. त्यातही तू ते लिहिलं नव्हतंस. त्या दिवसापासून मला तुझा राग येणं बंद झालं आणि स्वतःचीच भीती वाटायला लागली.

एक विचारते. खरं लिही, मी काचेची नाही. आज तू पुन्हा तिथे असतास, आणि पुढचं सगळं माहीत असतं, तर?

तेडा

इंग्लंड, १९ जानेवारी १९४७

प्रिय तेडा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर लागला. कागद मिळत होता. वाक्य मिळत नव्हतं.

तू विचारलंस म्हणून. मी झाकण उघडलं असतं. सगळं माहीत असतं तरी. हे लिहिताना मला त्यात काही मोठेपणा दिसत नाही. त्या वेळी मी काही विचारही केला नाही, नियम नाही, देव नाही. खालून प्रार्थनेचा आवाज येत होता. त्या आवाजावर वात पेटवणं माझ्या हातांना जमलं नाही, इतकंच. ते हात आता एइलर्टचा विचार करतात. रोज करतात.

आणि तू स्वतःला जे बोलतेस ते बोलू नकोस. नदीच्या मुखाशी खरंच जहाज बुडालं होतं. तू आई होतीस आणि तुझ्यापाशी जी माहिती होती तिच्यात बरोबर होतीस. मी पत्र वाचून फाडून समुद्रात टाकू शकलो असतो. एइलर्टला न दाखवता होडीत बसवू शकलो असतो. मी त्याला दाखवलं, कारण निर्णयाचं ओझं मला नको होतं. ते मी वीस वर्षांच्या पोराला दिलं आणि स्वतःला म्हटलं, तो मोठा झालाय.

आमच्या जहाजानं जी जहाजं बुडवली त्यांची नावं मला पाठ आहेत. त्या बिनतारीवाल्या पोराचं नाव मी कधी विचारलं नाही. त्याचीही कुणी तेडा असेल, तिला कुणी भेटायला गेलं नसेल. रेनी तुझ्याकडे आला तसं मी तिच्याकडे जायला हवं. कुठे जायचं ते माहीत नाही. छावणीच्या अधिकाऱ्याला विचारलंय. तो म्हणाला, शोधतो, पण तू कशाला जातोस, ती तुला दारात उभं करेल का? म्हटलं, ते तिचं ती ठरवेल.

मार्चात सोडणार असं म्हणतात. समुद्रावर परत जाणार नाही, कोणी घेणारही नाही. लेअरमध्ये माझ्याकडे लोक कसे पाहतील याची मला फिकीर नाही. तू कशी पाहशील याची आहे. आपण दोघं एका टेबलाशी बसू आणि तिसरी खुर्ची तिथेच असेल. तुला ते सोसणार नसेल तर लिही. हॅम्बुर्गला राडारोडा उपसायला माणसं हवी आहेत, मी तिथे उतरेन. तुझ्यावर राग धरणार नाही.

हिन्रिक

लेअर, २ फेब्रुवारी १९४७

प्रिय हिन्रिक,

हॅम्बुर्गला कशाला. राडारोडा इथेही आहे.

तू बरोबर केलंस असं मला म्हणता येत नाही. प्रयत्न केला, कपडे धुताना मोठ्यानं म्हणून पाहिलं, तोंडातून निघालं नाही. तू चूक केलीस असंही आता निघत नाही. मी साठीला आले, यापुढे काही वेगळं निघेल असं वाटत नाही. तेव्हा तसंच ये.

वर जागा नाही. तुझी व्यवस्था खाली एइलर्टच्या खोलीत केलीय. त्याचा पलंग तुला आखूड होणार, तू आहेस ताडमाड. वरच्या सायलेशियनाला करवत चालवता येते. काल त्याच्याकडून पलंगाची पायथ्याची फळी कापून घेतली. तो दोनदा म्हणाला, ‘बाई, नीट विचार करा, परत जोडता येणार नाही.’

म्हटलं, काप.

तेडा